दार तुमच्याकडं

असले अनुभव मी अधूनमधून वाचते, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. पिंपळाखालची बाई, लिफ्ट मागणारा म्हातारा, मागे वळून पाहिलं तर कुणीच नाही... वाचायचं, हसायचं, गॅस बंद केलाय ना बघायचं आणि झोपायचं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमच्या कामात 'मला असं वाटलं' याला काडीची किंमत नसते. स्लाइडवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही. नवरा माझ्या एक पाऊल पुढे – देवळात नेला तरी बाहेर चपलांपाशी उभा राहतो. त्यामुळे मीच हे लिहायला बसले याचं मलाच हसू यायला हवं. पण हसायलाही अंगात त्राण लागतं आणि सध्या तेच नाही.

का लिहितेय ते शेवटी सांगेन. आधी गाव सांगायला पाहिजे, नाहीतर यातलं काहीच कळायचं नाही.

परभणीहून मानवतकडे निघालं की पेडगाव लागतं. तिथून आत फुटणाऱ्या एका रस्त्यावर आमचं गाव. नाव देत नाही. तिथे उरलेल्या चार म्हाताऱ्या माणसांना उगाच त्रास नको. काळी भारी जमीन, आणि सपाट – म्हणजे इतकी सपाट की लहानपणी मला डोंगर फक्त चित्रकलेच्या वहीत काढायचा असतो असं वाटायचं. कापूस, तूर, ज्वारी, मध्येच एखादी बाभळ, आणि मग थेट आभाळ. अशा मुलखात एक गोष्ट वाईट असते. माणूस गावातून गेला तरी बराच वेळ जाताना दिसत राहतो. आम्ही पोरं शाळेच्या ओट्यावर उभी राहून निघालेल्यांची ट्रॅक्टर-ट्रॉली बघत बसायचो. ती लहान लहान होत जायची, पण संपायची नाही. शेवटी आम्हीच कंटाळून घरी जायचो.

ही ट्रॉली दिवाळीनंतरची. आमच्या गल्लीतली बहुतेक घरं ऊसतोडीला जायची. भांडी, गोधड्या, कोंबड्या, तान्ही लेकरं, सगळं ट्रॉलीत. आमची विहीर होती, थोडं बागायत होतं, म्हणून आम्ही मागे राहायचो. चार-सहा महिने ती गल्ली म्हणजे नुसती कुलपं. माझ्या बरोबरीच्या सगळ्या पोरी निघून जायच्या आणि मी एकटीच टिक्कर खेळायचे. दुपारी तर इतकं शांत की आपण टाकलेल्या खापरीचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचा.

पण निघण्याआधी एक रीत होती. दुसऱ्या गावात आहे का माहीत नाही, मी तरी कुठे ऐकली नाही. घराला कुलूप लावलं की घरची बाई आमच्या दारात यायची आणि मायला म्हणायची, "दार तुमच्याकडं." माय म्हणायची, "घेतलं." बास. किल्ली द्यायची नाही, पाया पडायचं नाही, काही नाही. 'घेतलं' म्हटलं की त्या दारात रोज सकाळी सडा टाकायचा जिम्मा मायचा. उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे उसाचा हंगाम संपला, की माणसं परत यायची. तीच बाई पुन्हा आमच्या दारात यायची – "दार द्या." माय म्हणायची, "घ्या." मग त्या घरचं कुलूप निघायचं. आधी नाही.

का, तर आपल्याकडे सुतक असलं की दारात सडा पडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोरडं दार दिसलं की येणारा-जाणारा विचारतो, कोण गेलं? माय म्हणायची, दुसरं काही बी विचारलेलं चालतं, पण परमुलखात राबणाऱ्या माणसाबद्दल तेवढं कुणी विचारू नये. विचारलेलं लागतं. म्हणून दार कोरडं ठेवायचं नाही.

थंडीच्या दिवसांत भल्या सकाळी माय बादलीत शेण कालवायची आणि मी डोळे चोळत तिच्या मागे. मी डावखुरी. जेवायला उजवा हात वापरायला तिने मला मारून-मुटकून शिकवलं, पण बाकी सगळं डाव्यानेच. त्यामुळे मला सडा टाकू द्यायची नाही. डाव्या हाताचा सडा दाराला चालत नाही, असं तिचं ठाम मत. मी बादली धरायची, पाणी आणायचं, आणि बघायचं. बघून बघून मला तिचा हात पाठ झाला होता. उजव्या हाताने फेकलेला सडा उजवीकडे जाड पडतो आणि डावीकडे बारीक होत विरतो. प्रत्येक दाराला शेवटी एक लहान ओंजळ चौकटीच्या बुडाशी टाकायची तिची सवय. गल्लीत आणखी कुणी तसं करत नसे. मी कधी हट्ट केला तर म्हणायची, "तू हमाली कर. लक्ष्मीला उलट्या हातानं बोलावतेत का?" आणि हसायची. मला राग यायचा, पण गार पाण्यात हात घालावा लागत नाही म्हणून बरंही वाटायचं.

एका वर्षी, संक्रांत झाली होती, मायला सणकून ताप आला. उठताच येईना. बाबा तिला बैलगाडीत घालून पेडगावच्या डॉक्टरकडे घेऊन गेले आणि मला बरोबर नेलं. त्या दिवशी गल्लीत एकाही दारात सडा पडला नाही. संध्याकाळी परत आलो तर पारावर माणसं जमलेली. आमच्या समोरच्या घरातल्या शेवंता मावशीचा नवरा कारखान्याच्या वाटेवर उसाची ट्रॉली उलटून गेला होता.

शेवंता मावशी परत आली ती ट्रॉलीत एकटीच बसून. आधी आमच्या दारात आली. रीत ती रीत. "दार द्या" म्हणाली. मायला 'घ्या' म्हणवेना. दोघी किती तरी वेळ तशाच उभ्या होत्या, मी मायच्या पदराआडून बघत होते. मग शेवंता मावशीच म्हणाली, "द्या वो. उभं ऱ्हायचं बळ न्हाई मला." तेव्हा मायने "घ्या" म्हटलं.

मावशीने कधी चुकूनही मायला बोल लावला नाही. ती नंतर ऊसतोडीला गेलीच नाही, समोरच राहिली. पण मायच्या मनातून ते कधी गेलं नाही. कॉलेजात गेल्यावर मला शिंगं फुटली होती; मी वाद घालायचे. त्या दिवशी सगळीच दारं कोरडी होती ना? मग बाकीच्यांना कुठे काय झालं? माय म्हणायची, "त्यांचं नशीब. जिम्मा माजा व्हता." यापुढे तिच्याशी बोलण्यात अर्थ नसे.

पुढची वर्षं भराभर गेली. लग्न होऊन मी संभाजीनगरला आले. गावातली माणसं ऊसतोडीऐवजी वाळूज, चाकण, पुणे, जिथे काम मिळेल तिथे जायला लागली. दिवाळी करून निघायची, आईच्या-आजीच्या सवयीने मायला म्हणायची, "दार तुमच्याकडं." आणि पट्टा पडायचा म्हणून काही नव्हताच, तर परत यायचं कशाला? लग्नकार्याला आली तर परभणीत कुणाकडे उतरून परस्पर जायची. दार मागायचं राहूनच जायचं. त्यांच्या दृष्टीने ते निघताना 'येतो' म्हणावं तसलं काहीतरी होतं. पण मागितल्याशिवाय माय देणार कसं?

बाबा गेल्यावर मी तिला किती वेळा म्हटलं, माझ्याकडे ये. दरवेळी एकच उत्तर – गल्ली कुणाच्या भरवशावर टाकू? गल्लीत तोवर ती आणि शेवंता मावशी दोघीच उरल्या होत्या. गुरंही गेली होती. गावाच्या त्या टोकाला एका घरी म्हैस होती, तिथून माय पाटीभर शेण मागून आणायची. सगळी दारं करून घरी यायला ऊन चढायचं. मी फोनवर चिडायचे. ज्यांच्या भिंती पडल्यात त्यांच्या दारात सडा कशाला टाकतेस, भिंत तरी उभी आहे का? ती म्हणायची, दार हाय ना.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी ती अशाच एका पडक्या घरासमोर बादलीसकट घसरून पडली. खुबा मोडला. परभणीत ऑपरेशन झालं, पण वय, शुगर... डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की आता चालणं नाही. मी तिला थेट माझ्याकडे घेऊन आले. वाटेत कपडे घ्यायला गावात ॲम्ब्युलन्स थांबवली तेव्हा तिने शेवंता मावशीचा हात धरून ठेवला होता. मावशीचे गुडघे गेलेले, काठीशिवाय उठता येत नाही. ती म्हणाली, "बाई, मी माजं एक दार कसंबसं करते. बाकीची कशी घेऊ?" माय आणखी काही म्हणणार होती, तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि माझ्या नवऱ्याने दार ओढून घेतलं.

आता खरी गोष्ट.

थंडी पडायला लागली तेव्हाची. सकाळी तोंड धुवायला पाणी घेऊन मायच्या पलंगाशी गेले तर तिच्या हाताला वास आला. शेणाचा. ओल्या, ताज्या शेणाचा. मी आधी काय संशय घेतला असेल ते पेशंट सांभाळणाऱ्यांना कळेल. सगळं तपासलं, डायपर कोरडा, चादर स्वच्छ. वास फक्त उजव्या हाताला. साबणाने धुतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दिवसा मायला बघायला एक बाई येते. तिच्या घरी म्हैस आहे. झालं, कारण सापडलं! मी तिला हात धुऊन मायला हात लावायला सांगितलं, ती बिचारी ओशाळली. पण ती येते नऊच्या पुढे, आणि वास असतो मी उठते तेव्हा. मग ती भाचीच्या लग्नाला गावी गेली, तरी वास होताच. बाल्कनीतल्या कुंड्यांतलं खत मी फेकून दिलं. बाथरूमची जाळी उघडून साफ करून घेतली. नवरा म्हणाला, तुझ्या नाकाची टेस्ट कर. मग एका सकाळी त्याने स्वतः मायचा हात नाकाशी नेला, खाली ठेवला आणि पेपर घेऊन बसला.

आणि माय दमलेली असायची. आजारी माणसाचं दमणं मला कळतं. हे तसलं नव्हतं. शेतातून आलेल्या बाईचं दमणं होतं. सकाळी डोळे उघडायची तेच कामावरून आल्यासारखी. उजवा खांदा दुखतो म्हणायची. चहा घेता घेता झोपायची. घास तोंडात तसाच राहायचा. वजन उतरत चाललं. डॉक्टरांनी रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, सगळं केलं, आणि रक्ताचे रिपोर्ट मीच काढत होते, त्यामुळे त्यात काही नाही हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ती माझ्या डोळ्यांदेखत संपत चालली होती आणि मला कारण सापडत नव्हतं. दिवसभर लॅब, घरी आल्यावर तिचं सगळं, मी इतकी थकले होते की कधी कधी तिच्या पलंगाला टेकून बसल्या जागी रडायचे. तिला काही होऊ नये म्हणून रडायचे की एकदाचं काही होऊन जावं म्हणून... जाऊ द्या.

एक दिवस तिच्या उजव्या हाताच्या नखांखाली हिरवट काळं दिसलं. मी ते काडीने काढलं, डबीत घातलं आणि लॅबमध्ये नेलं. जेवणाच्या सुट्टीत स्लाइड केली. गवताचे चावलेले तंतू, कडब्याचा चुरा. गुरांच्या शेणात असतं ते. मी तीनदा भिंग फिरवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पलंगावरून कूस बदलता न येणाऱ्या बाईच्या नखात ते कुठून आलं, हे भिंगातून दिसत नाही. मी स्लाइड धुतली आणि डबा उघडून जेवले. दुसरं काय करणार?

माघ संपता संपता मायने गोधडी मागितली. तिची जुनी, लुगड्यांची, गावच्या घरातली. तेवढ्यासाठी एवढा प्रवास करायचा, मला खरं तर आळस आला होता. पण ती काही मागत नाही हो कधी. रविवारी पहाटेची एसटी धरून गेले.

गावात पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. गल्लीत शिरले आणि पाय जागीच थांबले. दोन्ही बाजूंनी कुलपं. गंजलेली, काहींना तर कडीही धड नाही. आणि प्रत्येक दारात सडा. उन्हातला वाळत आलेला, सावलीतला अजून ओला. ज्या घराची भिंत बसून नुसती चौकट उभी आहे त्या चौकटीपुढेही. आमच्या घरापुढेही.

मी एका दारात उकिडवी बसले. उजवीकडे जाड थेंब, डावीकडे बारीक होत विरलेले. चौकटीच्या बुडाशी एक लहान ओंजळ. दुसऱ्या दारात तसंच, तिसऱ्या दारात तसंच. पारावर दोन म्हातारे बसले होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, शेवंता करत असंल, दुसरं कोण हाय त्या गल्लीत.

शेवंता मावशी उंबऱ्यात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मोतीबिंदूमुळे तिला नीट दिसत नाही. आवाजावरून मला ओळखलं, "इमल, ये" म्हणाली. मी पाणी प्यायले आणि विचारलं, मावशी, गल्लीतला सडा कोण टाकतं?

"कोन म्हंजे? तुजी माय."

"माय माझ्याकडे आहे मावशी. तिला उठून बसता येत नाही."

मावशीचे हात थांबले. "म्हंजे ती हाय अजून?"

"आहे की."

"मंग बरं बाई," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. "मला वाटलं, गेली आन् तुमी कळवलंच न्हाई. लय वाईट वाटलं व्हतं मला. मनातच ठिवलं."

मी विचारलं, तुम्ही पाहिलं का तिला? ती म्हणाली, पाहू कशी, डोळे कुठं हायत? दिवस उगवायच्या वक्ताला बादली ठेवल्याचा आवाज येतो, पाणी पडल्याचा येतो, मायचा खोकला येतो. मग आवाज पुढच्या दाराला जातो. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, मग एकदाही हाक का मारली नाही?

"कामातल्या बाईला कामून हाक मारू? हाकेनं ती थांबली, तर ऱ्हायलेली दारं कोन करंल?"

मी उठून आमच्या घरात गेले. गोधडी घेतली, कुलूप लावलं आणि आले. एसटीच्या खिडकीतून गाव बराच वेळ दिसत राहिलं. नेहमीसारखंच.

घरी आल्यावर मी मायला यातलं अक्षरही सांगितलं नाही. कसं सांगणार? संध्याकाळी तिच्या अंगावर गोधडी घातली आणि मऊ भात भरवायला बसले. दोन घास गेले, तिसरा तोंडातच राहिला. डोळे मिटूनच तिने विचारलं, "शेवंताच्या गुडघ्याचं कसं हाय?" मी गावाला गेले हे तिला माहीत होतं, त्यामुळे त्यात नवल नाही. पण पुढे म्हणाली, "पडक्या घरापाशी लय निसरडं झालंय. भ्याव वाटतं तितं."

मी वाटीतला भात कालवत राहिले.

"व्हत न्हाई गं आता इमल," ती म्हणाली. "कुनी दार मागायलाच येईना. किती दिवस करू एकटी? शेवंताच्या पल्याडची दारं तुज्याकडं."

आता सांगते ते नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. मी पहाटेपासून प्रवासात होते. पाठ मोडली होती. हातातला भात गार होत होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळची ड्युटी होती. म्हाताऱ्या माणसाला आपण कशालाही 'हो' म्हणतो तसं मी म्हटलं, "घेतली. आता हा घास घे."

तिने घास गिळला. मग पुढचा मागितला. वाटी संपली, आणि माझी माय कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा घोरायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती ताजी उठली. त्यानंतर जेवायला लागली, बाईशी गप्पा मारायला लागली, टीव्हीवरच्या सुनांना नावं ठेवायला लागली. खांद्याचं दुखणं निम्मं झालं. हाताचा वासही अगदी पुसट. डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडली. मला इतका आनंद झाला की लॅबमध्ये पेढे नेले. खोटं कशाला बोलू, गावातलं सगळं मी विसरून जायचं ठरवलं होतं. माय वाचली ना, बास.

मग माझा डावा खांदा धरायला लागला.

पन्नाशी जवळ आली, पाळीचे बदल, कॅल्शियम, थायरॉइड... मी माझ्या सगळ्या टेस्ट केल्या. सगळं नॉर्मल. पण सकाळी उठते तेच गळून गेल्यासारखी. तळपायांना ओल. बोटांच्या पेरांना भेगा, गार पाण्यात हात घातल्यावर पडतात तशा. वासाचं काय सांगू, मला माझ्या हाताचा वास घ्यायचीच भीती वाटायला लागली. मी रोज उठल्या उठल्या डोळे मिटून साबण लावायचे.

होळीच्या आसपास शेवंता मावशीने शेजारच्या गल्लीतल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून फोन लावला. आवाजात रुसवा होता. "गावात येऊन जायलीस, आन् म्हातारीला भेटत बी न्हाईस व्हय?"

मी म्हटलं, मी आले नाही मावशी. गोधडी नेली त्यानंतर पाऊलसुद्धा टाकलं नाही तिकडे.

"असं कसं? पल्याडल्या दारांला डावा हात पडायलाय. माज्या हाताला कळतंय की, मी बोट लावून बघितलं. जाड थेंब डाव्या अंगाला. तुजी माय तर उजवी हाय." मग थोडं थांबून, हळू आवाजात म्हणाली, "चौकटीपाशी तू बी ओंजळ टाकतीस. मायवानी."

नवरा समोरच बसला होता, फोन स्पीकरवर होता. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा तो करायला लागला आणि संध्याकाळी तेल गरम करून माझा खांदा चोळून द्यायला लागला. देवळाबाहेर उभ्या राहणाऱ्या माणसाकडून एवढं पुष्कळ झालं.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. परवा व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा बघून म्हणाली, मम्मी, किती दमलीस गं. आजीचं थोडं काम माझ्याकडे दे ना, मी सुट्टी घेऊन येते. साधं, प्रेमाने बोलली पोरगी. आणि मी तिच्यावर खेकसले, तुझ्याकडे काही नको, काही घ्यायचं नाही तू माझं! तिला वाटतंय, आई चिडचिडी झालीय. वाटू दे.

हे असं कसं होतंय, ते मला अजूनही सांगता येत नाही. मी झोपेत चालत नाही. चालले असते तरी गाव इथून चार-पाच तासांवर आहे. नवरा म्हणतो, मी कूससुद्धा बदलत नाही. मायला विचारावं तर विचारायचं काय? तिला मात्र ठाऊक आहे असं मला वाटतं. आजच सकाळची गोष्ट. पाणी घेऊन गेले तर तिने माझा डावा हात हातात घेतला. मी सोडवायला बघितलं, तिने सोडला नाही. नाकाशी नेला, वास घेतला, आणि भेगा पडलेल्या बोटांवरून आपला अंगठा फिरवत राहिली.

"डाव्या हातानं बी चालतंय की गं," ती म्हणाली. "मी उगंच तुला शिवू दिलं न्हाई."

पन्नाशीच्या उंबरठ्यावरची बाई मी, पण लहान पोरीसारखी रडले. बरं वाटलं म्हणूनही रडले, हेही खरं.

तर लिहायचं कारण. हे वाचणाऱ्यांत परभणीकडचं, पेडगाव-मानवतच्या बाजूचं कुणी असेल. पुण्यात, चाकणला, वाळूजला, कुठेही. तुमच्या आईने, आजीने एखाद्या दिवाळीनंतर निघताना कुणाच्या दारात उभं राहून ते तीन शब्द... नाही, दोनच शब्द म्हटले असतील, आणि पुढे परत जाणं झालं नसेल. घर पडलं असलं तरी चालेल. राहायला जाऊ नका, दुरुस्ती करू नका, एक दिवस सवडीने जा. तिथे शेवंता मावशी आहे, तिच्याकडून माझा पत्ता घ्या आणि इथे माझ्याकडे या. मायच्या पलंगापाशी उभं राहून एवढंच म्हणा, "दार द्या."

ती लगेच देईल. आम्ही दोघी फार दमलोय हो.